फणसापलीकडची मेर

आमच्या कोष्टकातला एक स्तंभ बरीच वर्षं रिकामा होता. त्याचं नाव 'मेर'. शेताच्या किंवा बागेच्या हद्दीला आमच्याकडे मेर म्हणतात. स्तंभ रिकामा राहिला यात आमचा आळस नव्हता. त्यात जी वस्तू भरायची तिचं नाव संगणकाला ठाऊक होतं, पण प्रत्यक्ष वस्तू दिली की तो ती घेत नसे.

कामाविषयी काहीतरी लिहा असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा आधी तो रिकामा स्तंभ आठवला आणि मग बसवंत. कदाचित उलट झालं असेल. बसवंत माझा कामातला भागीदार. यंदा फाल्गुनात तो गेला. सहकाऱ्याचं सुतक नसतं. चंदगडकडे त्याच्या गावी जाऊन आलो, घरी अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचं कुलूप काढलं. त्यानंतर काय करायचं ते कुठल्याच रीतीत सांगितलेलं नाही, म्हणून काम करत राहिलो. हे लिहायला मात्र वेळ लागला.

डिचोलीच्या बाजारात, एका कापडाच्या दुकानावरच्या माडीत आमचं दोन खुर्च्यांचं ऑफिस. शेतकऱ्यांच्या संस्थांना, बागायतदारांना आम्ही नकाशे करून देत असू. सरकारी मोजणी वेगळी, तिला कायद्याचं बळ असतं. आमचा नकाशा फक्त रोजच्या कामाचा: कुठल्या तुकड्यात कुठली झाडं, पाणी कुठून येतं, टेम्पो कुठपर्यंत जातो. बाहेरचं काम बसवंतचं, आतलं माझं. तो गोव्यात आला तो बांधकामावर. तिथे मोजणीच्या यंत्रामागे उभा राहून ते यंत्र शिकला, आणि चांगलंच शिकला. मी सर्वणचा. कॉलेजात गणित केलेलं, पण बोलण्याची हौस कमी. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलायचं कामही हळूहळू बसवंतकडेच गेलं.

या धंद्याशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. डेटाबेस म्हणजे कोष्टकांचं कोठार. प्रत्येक स्तंभात काय राहणार ते आधी ठरवून द्यावं लागतं: इथे आकडा, इथे तारीख, इथे नाव. तारखेच्या जागी नाव घालू पाहिलं तर ते आत घेतलं जात नाही. आम्ही वापरत होतो तो डेटाबेस फुकट मिळणारा, जगभरच्या लोकांनी आपापल्या सवडीने बांधलेला. त्यात आकृत्याही ठेवता येत. बिंदू, रेषाखंड, चौकोन, वर्तुळ, बहुभुज. पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा मला भूमितीचं जुनं पुस्तक परत मिळाल्यासारखं वाटलं. त्या पुस्तकातले काही धडे अजून लिहायचे राहिलेत हे नंतर कळलं.

पहिला अनुभव नार्व्याचा. तिथली काठावरची शेतं नदीबरोबर वळतात, म्हणून तिरपी. त्यांचे बहुभुज भरून झाल्यावर मी संगणकाला विचारलं, कोणाचं शेत दुसऱ्याच्या शेतावर चढलंय का? उत्तर आलं, जवळजवळ सगळ्यांचं. माझेच आकडे चुकले असं समजून मी ते पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. मग उलगडा झाला. डेटाबेस शेताचा खरा आकार बघतच नव्हता. प्रत्येक शेताभोवती तो आपल्यापुरता एक सरळ उभा चौकोन आखायचा, आणि चौकोन एकमेकांना लागले की शेतं चढली असं जाहीर करायचा. तिरप्या शेताचा चौकोन आपोआपच शेजाऱ्याच्या अंगणात जातो. खरी तुलना पुढे कुणीतरी लिहील, तोवर हे चालू द्या, असा तो मामला होता. दोन चौकोन सारखे आहेत का असं विचारलं तर त्यांचं क्षेत्रफळ सारखं असलं की तो 'हो' म्हणायचा, मग ते दोन वेगळ्या गावांत का असेनात.

हे तिथल्या एका शेतकऱ्याला समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे माझा शेत आणि माझ्या मेव्हण्याचा शेत एकच. बरा झाला. तेच्या शेतात विहीर आसा."

"अर्ध्यातनं शाळा सोडलेला दिसतोय हा," बसवंत डेटाबेसविषयी म्हणाला. "चालतंय. आम्हीबी तसलेच."

रेषेचं प्रकरण याहून पुढचं. भूमितीतल्या रेषेला टोकं नसतात. दोन बिंदू दिले की त्यांच्यातून ती जाते आणि दोन्ही बाजूंनी जातच राहते. टोकं असली तर तो रेषाखंड. आमच्या डेटाबेसात रेषाखंड व्यवस्थित चालायचा. रेषा नावाचा प्रकारही होता, त्या प्रकारचा स्तंभही करू दिला जायचा. पण त्यात एखादी रेषा ठेवायला गेलं की निरोप यायचा, हा प्रकार अजून तयार नाही. माहितीपुस्तिकेतही तसंच लिहिलेलं. मला त्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटायचं. जे झालं नाही ते झालं नाही म्हणून सांगणारी माणसं आमच्या व्यवसायात कमी. पुढे बऱ्याच आवृत्त्यांनंतर कुणीतरी ते काम पूर्ण केलं, आणि आमचा 'मेर' स्तंभ एका दुपारी भरून झाला. पण कोरगावची गोष्ट घडली ती त्याच्या कितीतरी आधी.

आम्हाला रेषा हवी होती ती पेडण्यातल्या एका पद्धतीमुळे. डोंगर उताराची काजूची भाटं, म्हणजे बागा, वाटताना जुन्या लोकांनी सगळीकडे दगडी गडगे घातले नाहीत. इतका दगड वाहणार कोण? ते वरच्या टोकाला एक दगड पुरायचे. त्या दगडाशी उभं राहून समोरच्या दोन खुणा एकामागे एक आणायच्या. एखादं झाड, आणि त्याच्या मागे लांबवरचं काहीतरी न हलणारं. त्या नजरेच्या ओळीखाली जी जमीन येईल ती मेर. ही ओळ कुठे संपते असं कुणी विचारत नसे. उतार संपला, व्हाळ म्हणजे ओढा आला, दोघांचीही जमीन संपली की मेरेचं काम संपलं.

काजू बागायतदारांच्या एका संस्थेने आमच्याकडून कोरगावच्या सभासदांचे नकाशे करून घेतले. त्यात सत्यवतीकाकी आणि तिचा पुतण्या रमाकांत यांच्यामधली मेर अशीच नजरेची होती. वर पुरलेला दगड, हाकेच्या अंतरावर उतारावर एक फणस, आणि दरीपलीकडच्या डोंगरावर देवचाराची घुमटी, राखणदाराचं छोटंसं देऊळ. घुमटी दुसऱ्या गावाच्या हद्दीत, म्हणजे आमच्या कामाच्या बाहेर. रेषा ठेवायला जागा नव्हती. म्हणून अशा सगळ्याच मेरा आम्ही दगड ते झाड असा रेषाखंड करून ठेवल्या. संस्थेला ते सांगितलं होतं, नकाशाखाली तशी ओळही छापली होती. नकाशाखालची ओळ कोण वाचतं?

चैत्र संपत आला होता. काकी नकाशाची गुंडाळी छत्रीसारखी काखेत धरून आमची माडी चढून आली. साठी उलटलेली, सडपातळ, नऊवारीला घाट चढून आल्यासारखी धूळ. खुर्चीवर बसायच्या आधीच तिने नकाशा टेबलावर पसरला आणि फणसावर बोट ठेवलं.

"ही रेघ हंयसर कित्या थांबली? तिचे पाय दुखले?"

बसवंत हसला. काकी हसली नाही. तिने जे सांगितलं ते असं. फणसाच्या खाली उतार तीव्र होतो, आणि तळाशी व्हाळाच्या काठाला एक झर आहे. झरीच्या एका अंगाला रमाकांतचं कुळागर, जुन्या उंच पोफळींचं. दुसऱ्या अंगाला काकीने नवरा असताना लावलेल्या लहान पोफळी. आजवर झरीचं पाणी पाटाने दोन्हीकडे जायचं. नकाशा हातात आल्यावर रमाकांतने दाखवलं की मेर फणसापाशी संपते, त्याखाली रंग एकच, त्याचा. त्याने फणसाच्या खाली काटेरी तार ओढली, झर तारेच्या आत घेतली आणि तिच्यावर मोटर बसवली. काकीचा पाट सुकला.

"पोफळीची पाना पिवळी झाली, बाबा. पावसाक अजून महिन्याच्या वर आसा. तवसर ती रवाची नाय. घोवान लायलेली ती. माका दुसरी लावूक आयुष्य खंय आसा?"

मी तिच्यासमोरच दगड आणि फणस हे दोन बिंदू घेतले आणि रेषा हाताने पुढे वाढवून बघितली. गणित सोपं होतं. रेषा खाली उतरली आणि झरीच्या काकीकडच्या अंगाने निघून गेली. म्हणजे झर रमाकांतकडे. मी पडदा वळवून तिला दाखवला.  ती पदराने मान पुसत राहिली.

बसवंत मागून म्हणाला, "सदाभाऊ, ह्या दोन ठिपक्यांच्या जिवावर एवढं लांब जाऊ नगा."

"का?"

"फणसाच्या पोटात शिरून कोण मोजतंय? यंत्र घेऊन मी खोडाच्या बाजूला उभारलो होतो, सावलीला. सगळे तसंच करत्यात. मेर कुठल्या बाजूनं जाती ते तिथं कोण सांगितलं?"

तो म्हणत होता ते मला कळायला हवं होतं, कळलंही लगेच. दगड आणि फणस जवळ जवळ. जवळच्या दोन बिंदूंत हातभराची खोट असली तर तिथे ती दिसत नाही. पण रेषा उतारावरून तळापर्यंत नेली की तीच खोट वाढत वाढत अख्खी झर इकडची तिकडे करते. रेषेचा भरवसा तिच्या दोन बिंदूंमधल्या अंतरावर असतो. जुन्या लोकांनी घुमटी धरली होती ती त्यासाठी. आम्ही ती कामाच्या हद्दीबाहेर म्हणून सोडली होती.

"घुमटी धरल्यार झर माझी येतली?" काकीने विचारलं.

"ते तिथं जाऊनच कळंल," बसवंत म्हणाला. "कुणाची येईल ते आता सांगत न्हाई. रमाकांतलाबी बोलवा, नायतर तो मानायचा न्हाई."

रमाकांत कारखान्यात पाळीवर जाणारा, चाळिशीचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही कोरगावला पोचलो तेव्हा तो पोदेराकडून पावाचे उंडे घेऊन आला होता. काकीनेच अंगणात आमच्यासाठी बसायला कदेलं मांडली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, पण उंडे काकीने ठेवून घेतले आणि चहा रमाकांतलाही मिळाला.

"मी काही चोरी केली नाही," रमाकांत मला म्हणाला. "नकाशा तुमचा. मेर फणसाशी संपवली ती तुम्ही. आणि झर माझ्या बाबांनी खणलेली आहे, गावात कोणालाही विचारा."

"बापसान खणली," काकी आतून म्हणाली. "आणि माती कोणाच्या डोक्यार होती? नवी नवरी होतंय मी. पाटलीसकट चिखलात."

"मी तेव्हा जन्माला नव्हतो, काकी."

"म्हणानच सांगतंय."

दगडापाशी बसवंतने तिपाई उभी केली आणि तिच्यावर दुर्बिणीचं यंत्र चढवून समपातळीत आणलं. फणस आता इतका जाड झाला होता की त्याच्या उजव्या कडेने बघितलं तर एक रेषा, डाव्या कडेने बघितलं तर दुसरी. रमाकांत म्हणाला, बाबा डावी कड सांगायचे. काकी म्हणाली, फणस तेव्हा मनगटाएवढा होता, त्याला कडा कुठल्या? बसवंतने दोघांनाही थांबवलं.

"फणसाला सोडा. दगड हलला न्हाई, घुमटी हलली न्हाई. ते दोन बास हायत."

पद्धत अशी. दुर्बीण घुमटीच्या कळसावर धरायची आणि डावी-उजवीकडे फिरू नये म्हणून कळ आवळायची. त्यानंतर ती फक्त खाली झुकू शकते. झुकवत झुकवत दरीच्या तळाशी आणली की भिंगातली उभी तार जमिनीवर जिथे पडेल ती मेर. बसवंत तांबडं फडकं बांधलेला बांबू घेऊन खाली गेला. काकीही त्याच्यामागे उतरली. तिला थांबवायचा विचार आम्ही केला नाही. वर मी आणि रमाकांत. मी त्याला आधी घुमटी दाखवली, कळ आवळलेली दाखवली. त्याने स्वतः ओढून बघितली.

बसवंतचा फोन आला. तळाशी तो काकीच्या पोफळींकडून काटेरी तारेच्या आत शिरला होता. भिंगात तांबडं फडकं दिसलं, पण भिंगातल्या उभ्या तारेपासून लांब.

"उजवीकडे," मी म्हणालो. "तुझ्या उजवीकडे. अजून."

मागून काकीचा आवाज ऐकू आला. "त्यांका सांग, रमाकांताच्या बाजून मोप जागा आसा, खुशाल सरकवा."

"काकी, बांबूला हात लावू नगा," बसवंत तिला म्हणाला.

"अजून थोडं," मी सांगत होतो. "अजून."

फोनवर डुबुक असा आवाज आला. मग बसवंत म्हणाला, "सदाभाऊ, मी पाण्यात हाय. अजून सरकू?"

फडकं बरोबर उभ्या तारेवर होतं. मी बाजूला झालो आणि रमाकांतला म्हणालो, बघ. त्याने डोळा लावला. भिंगात माणूस उलटा दिसत नाही हल्ली, सरळच दिसतो. झरीच्या दगडी कोंडाच्या मधोमध, पोटऱ्या पाण्यात, पँट वर खोचलेली, दोन्ही हातांनी बांबू धरून उभा असलेला बसवंत. रमाकांत बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पुन्हा दुर्बीण वर करून घुमटी तपासली, पुन्हा खाली आणली. बसवंत अजून तिथेच होता.

"तिथेच थांब," मी फोनवर सांगितलं. "आम्ही येतो. दगड ठेवेपर्यंत हलू नको."

आम्ही उतरलो तेव्हा काकी तारेच्या बाहेर तिच्या पोफळींत उभी होती. खरंच पिवळ्या पडल्या होत्या, शेंड्यांकडून. जमीन टाचेला लागेल इतकी कडक. पलीकडे रमाकांतच्या उंच पोफळी हिरव्यागार. पाण्यावरच्या मोटरीचा पाइप एकाच दिशेने गेलेला.

"सगळी माझी, असाच वाटायचा माका," काकी बसवंतकडे बघून म्हणाली. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

"मलाही," रमाकांत म्हणाला.

 मला शब्द सुचत नव्हते, मला ते कधीच वेळेवर सुचत नाहीत. बोलला तो बसवंतच, पाण्यातून.

"दादा, तुमच्या पोफळी केवढ्या! मुळं पार व्हाळाला पोचली असतील. एक दिवसाआड पाणी मिळालं तर काय मरत न्हाईत. ह्या बारक्यांना रोज पायजे."

"मोटर मी सकाळी लावतो," रमाकांत म्हणाला. "पाळीवर जायच्या आधी. दिवसभर मला वेळ नसतो."

"आणि दुपारी झरीत काय रवता? बेडूक," काकी म्हणाली.

"मग एक दिवस मी लावत नाही. एक दिवस तुझा. पाट मी साफ करून देतो. मोटर काढणार नाही, सांगून ठेवतो."

"काढू नको. माका पण ती लावून दी. कळशेन कितां शिंपू?"

रमाकांतने मान हलवली. तारेकडे बघून म्हणाला, "तार उद्या काढतो. आज पक्कड नाही आणली."

"उद्या तुजी पाळी आसा. आज माझो दिवस." काकी पोफळींमागे गेली आणि तांब्याची कळशी घेऊन आली. ती बहुधा तिने सकाळीच तिथे आणून ठेवली होती. ती तारेपाशी उभी राहिली. वाकून आत शिरणं तिच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं, आणि मदत मागायची तिची तयारी नव्हती.

रमाकांतने खालच्या तारेवर बुटाचा पाय दिला, वरची तार रुमाल गुंडाळून हाताने उचलली. काकी मधून आत आली. तिचा पदर एका काट्याला अडकला तो त्याने सोडवला. तिने कळशी बुडवली, परत त्याच वाटेने बाहेर गेली, पहिल्या पोफळीच्या बुडात ओतली. माती पाणी प्यायची थांबेना. ती परत आली. तो तसाच तार धरून उभा.

चार-सहा खेपा झाल्यावर बसवंतने विचारलं, "सदाभाऊ, येऊ का आता बाहेर? पाय गारठले."

मी हो म्हणणार होतो. दगड नंतर ठेवता आला असता. कोंडाच्या काठांवर खुणा केल्या की पुरे होतं. पण काकी कळशी भरता भरता म्हणाली, "रव रे पुता, इल्लो वेळ रव. तू भायर इलंस काय आमी परत भांडतलो."

रमाकांत हसला. बसवंतने बांबूची मूठ बदलली, एक पाय दुसऱ्यावर घासून घेतला आणि पुन्हा सरळ उभा राहिला. काकी कळशीमागून कळशी नेत होती. शेवटच्या पोफळीच्या बुडात पाणी पडेपर्यंत तो तिथून हलला नाही.